तिरंग्याचा मान : फडकविण्यापासून उतरविण्यापर्यंत

ऑगस्टचा मध्य म्हणजे वाशीम जिल्ह्यात सोयाबीन फुलोऱ्यावर येण्याचा आणि पावसाची झड लागण्याचा काळ. याच दिवसांत वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत शाळा, ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि आता घरोघरीही तिरंगा लागतो. सकाळचा सोहळा बहुतेक ठिकाणी नेटका होतो. राष्ट्रगीत होते, मुलांना खाऊ वाटला जातो आणि मंडळी घराकडे वळतात. प्रश्न उभे राहतात ते त्यानंतर. पावसात चिंब झालेला ध्वज संध्याकाळी कोणी उतरवायचा? गच्चीवरील ध्वजाची कड वाऱ्याने उसवली तर काय करायचे? मुलांच्या हातून रस्त्यावर पडलेल्या कागदी झेंड्यांचे काय? भारतीय ध्वजसंहितेत या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आहे. परंतु ते वाचण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. राष्ट्रध्वजाचा अवमान हेतुपुरस्सर करणारे विरळाच. नकळत होणाऱ्या चुका मात्र दरवर्षी त्याच त्या असतात.

दोन झेंड्यांचा प्रदेश

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. इंग्रजी अमदानीत 'बासीम' हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात सामील करण्यात आला. हा सारा मुलूख वऱ्हाडचा. वऱ्हाडवर मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, अशी विचित्र व्यवस्था येथे दीर्घकाळ नांदली. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड इंग्रजांकडे कायमचा भाडेपट्ट्याने आला. पुढे १९३६ च्या करारात निजामाला 'हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम' असा किताब मिळाला आणि वऱ्हाडात इंग्रजी निशाणाच्या जोडीने त्याचेही निशाण लावण्याचा मान मान्य झाला. एकाच भूमीवर दोन झेंडे आणि त्यांपैकी एकही येथील जनतेचा नाही, हे या प्रदेशाने पाहिले आहे.

जनतेचा झेंडा रस्त्यावर आणण्यासाठीचा मोठा लढाही याच प्रांतात झाला. १९२३ मध्ये नागपुरात सिव्हिल लाइन्स भागातून राष्ट्रीय झेंडा घेऊन जाण्यास सरकारने बंदी घातली. ती मोडण्यासाठी १ मे १९२३ पासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज यांनी त्याची धुरा वाहिली. त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल नागपुरात आले. देशभरातून आलेल्या दीड हजारांहून अधिक सत्याग्रहींनी तुरुंगवास पत्करला. ऑगस्टमध्ये झेंडा मिरवीत मिरवणूक त्या भागातून पार पडली, तेव्हाच सत्याग्रह थांबला. हातात झेंडा घेऊन चालणे, एवढाच त्या सत्याग्रहींचा 'गुन्हा' होता.

वऱ्हाडात १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य आले. पण पैनगंगेच्या पलीकडे, आजच्या हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांत, निजामी राजवट चालूच होती. हैदराबाद संस्थानात तिरंगा फडकविणे म्हणजे अटकेला आमंत्रण होते. स्वामी रामानंद तीर्थ यांनी त्याच दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकविला आणि त्यांना पकडण्यात आले. संस्थान मुक्त होण्यास १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस उजाडावा लागला. म्हणूनच मराठवाड्यात १७ सप्टेंबरलाही ध्वजवंदन होते. ज्या नांदेडात एकेकाळी तिरंगा निषिद्ध होता, तेथेच आज मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या केंद्रात खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. आपल्या दारातील ध्वजाला एवढा इतिहास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याविषयीचे नियम कोरडे वाटत नाहीत.

कायद्याची चौकट

संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी आजचा राष्ट्रध्वज स्वीकारला. १९३१ मध्ये काँग्रेसने स्वीकारलेल्या तिरंगी झेंड्यावर चरखा होता. त्याच्या जागी अशोकचक्र आले. राष्ट्रध्वजासंबंधी तीन दस्तऐवज महत्त्वाचे आहेत. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० हा ध्वजाचा व्यापारी वापर रोखतो. राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ अन्वये सार्वजनिक ठिकाणी ध्वज जाळणे, फाडणे, विद्रूप करणे, पायदळी तुडविणे यांसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २००३ च्या दुरुस्तीनुसार तोच गुन्हा पुन्हा केल्यास किमान एक वर्षाचा कारावास आहे. तिसरा दस्तऐवज म्हणजे २६ जानेवारी २००२ पासून अमलात आलेली भारतीय ध्वजसंहिता. तिचा पहिला भाग ध्वजाच्या वर्णनाचा, दुसरा नागरिक, खासगी संस्था व शाळांसाठी आणि तिसरा सरकारी यंत्रणेसाठी आहे.

त्यापूर्वी सामान्य नागरिकाला ठरावीक राष्ट्रीय दिवस वगळता ध्वज लावण्याची मुभा नव्हती. उद्योजक नवीन जिंदल यांनी रायगड (आता छत्तीसगढ) येथील आपल्या कारखान्यावर ध्वज लावला, त्याला प्रशासनाने हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी निर्णय दिला, की सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकविणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असून तो नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. मात्र हा हक्क अनिर्बंध नाही. ध्वजाचा मान राखण्याची अट त्याला जोडलेली आहे. संविधानाच्या अनुच्छेद ५१(क) मध्येही राष्ट्रध्वजाचा आदर करणे हे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद आहे.

अलीकडच्या दोन दुरुस्त्या प्रत्येकाने जाणून घ्याव्यात. ३० डिसेंबर २०२१ च्या आदेशानुसार हाताने कातलेल्या व विणलेल्या कापडाबरोबरच यंत्रावर तयार झालेला ध्वजही चालतो. सुती, पॉलिस्टर, लोकर, रेशीम आणि खादी ही कापडे ग्राह्य आहेत. जुलै २०२२ मधील दुरुस्तीनुसार नागरिकाच्या घरावर किंवा मोकळ्या जागेत लावलेला ध्वज दिवसा व रात्रीही फडकत ठेवता येतो. त्याच वर्षी १३ ते १५ ऑगस्टदरम्यान 'हर घर तिरंगा' अभियान झाले आणि ज्या घरांत पूर्वी कधी ध्वज आला नव्हता, त्या घरांतही तो पोहोचला. म्हणजेच ध्वज हाताळणाऱ्यांची संख्या वाढली. हाताळण्याची रीत मात्र त्या प्रमाणात पोहोचली नाही.

ध्वज विकत घेताना

राष्ट्रध्वज आयताकृती असतो. त्याची लांबी व उंची यांचे प्रमाण ३:२ असलेच पाहिजे. वर केशरी, मध्ये पांढरा आणि खाली हिरवा असे समान रुंदीचे तीन आडवे पट्टे असतात. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी गडद निळ्या रंगाचे, समान अंतरावरील २४ आऱ्यांचे अशोकचक्र असते आणि ते दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसावे लागते. ध्वजसंहितेत नऊ प्रमाणित आकार दिले आहेत. सर्वांत मोठा ६३०० × ४२०० मिलिमीटरचा आणि सर्वांत लहान १५० × १०० मिलिमीटरचा. लहान आकारांपैकी ४५० × ३०० चा ध्वज अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या विमानासाठी, २२५ × १५० चा मोटारीसाठी आणि १५० × १०० चा टेबलावर ठेवण्यासाठी आहे. घराच्या गच्चीसाठी ९०० × ६०० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण तीन फूट बाय दोन फुटांचा ध्वज सोयीचा पडतो.

बाजारात घाऊक छपाईच्या ध्वजांमध्ये काही दोष वारंवार आढळतात. चक्र गोल नसून लंबगोल असते, ते मध्यभागातून सरकलेले असते, आरे २४ पेक्षा कमी-जास्त असतात, पट्ट्यांची रुंदी असमान असते किंवा ध्वज जवळजवळ चौरस कापलेला असतो. खरेदीच्या वेळी आरे मोजण्यास आणि लांबी-उंची फुटपट्टीने पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. दोष आढळल्यास तो ध्वज घेऊ नये. सदोष ध्वज स्वस्त मिळाला म्हणून फडकविण्यात कोणताही मान नाही.

प्लॅस्टिकच्या झेंड्यांविषयी आता संदिग्धता राहिलेली नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आलेल्या एकवेळ वापराच्या वस्तूंच्या यादीत प्लॅस्टिकच्या झेंड्यांचाही समावेश आहे. प्लॅस्टिक कुजत नाही आणि सन्मानाने नष्टही करता येत नाही; त्यामुळे सण सरल्यावर ते झेंडे नालीत किंवा उकिरड्यावरच सापडतात. मुलांच्या हाती द्यायचा असेल तर कागदी झेंडा द्यावा.

ध्वज फडकविण्याची रीत

ध्वजाची जागा मानाची आणि सर्वांना स्पष्ट दिसेल अशी असावी. ध्वज झपकन वर चढवावा आणि उतरविताना संथपणे, सन्मानाने उतरवावा. पाऊस असो वा ऊन, हवामानाचे कारण सांगून सरकारी इमारतीवरील ध्वज चुकविता येत नाही. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, नगर परिषद, कारागृह अशा ज्या इमारतींवर ध्वज लावण्याचा प्रघात आहे, तेथे तो रविवार व सुटीच्या दिवशीही लागतो आणि त्यासाठी सूर्योदय ते सूर्यास्त हा नियम आहे.

ध्वज आडवा लावल्यास केशरी पट्टा वर हवा. तो भिंतीवर उभा लावल्यास केशरी पट्टा ध्वजाच्या उजव्या हाताला, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. खिडकी, सज्जा किंवा इमारतीच्या दर्शनी भागातून तिरकी काठी पुढे काढली असेल, तर केशरी बाजू काठीच्या दूरच्या टोकाकडे असावी. सभामंचावर ध्वज काठीसह ठेवायचा असेल तर तो वक्ता श्रोत्यांकडे तोंड करून उभा असताना त्याच्या उजवीकडे असावा. अथवा वक्त्याच्या मागे, त्याच्या डोक्यापेक्षा उंच, भिंतीवर सपाट लावावा.

ध्वजारोहण आणि ध्वज उलगडणे यांतील फरकही अनेकांना ठाऊक नसतो. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर पंतप्रधानांच्या हस्ते ध्वज खालून वर चढविला जातो. २६ जानेवारीला कर्तव्यपथावर राष्ट्रपतींच्या हस्ते आधीच वर बांधून ठेवलेला ध्वज दोरी ओढून उलगडला जातो. पहिल्या प्रसंगातून नव्या राष्ट्राचा उदय आणि दुसऱ्यातून आधीच स्वतंत्र असलेल्या देशात प्रजासत्ताकाचा आरंभ सूचित होतो, असा या दोन रीतींचा अर्थ लावला जातो. ध्वज उलगडण्यापूर्वी त्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास संहितेची हरकत नाही. ध्वजस्तंभाच्या टोकावर हार, फुले किंवा कोणतीही वस्तू ठेवण्यास मात्र मनाई आहे.

सोहळ्याच्या वेळी ऐनवेळी होणारी फजिती बहुधा दोरीमुळे होते. ती टाळण्यासाठी आदल्या दिवशी तालीम करावी. कप्पी गंजलेली नाही ना, दोरी कुजलेली नाही ना, हे पाहावे. पावसात भिजलेली सुती दोरी फुगते आणि कप्पीत अडकते, म्हणून पावसाळ्यात नायलॉनची दोरी बरी. ध्वज दोरीला बांधताना केशरी बाजूच्या टोकाला रंगीत धाग्याची खूण केल्यास ध्वज उलटा चढण्याचा धोका राहत नाही. घडी बांधताना सरकगाठ मारावी. गाठ घट्ट झाली की प्रमुख पाहुणे दोरी ओढत राहतात आणि ध्वज उघडत नाही. तरीही ध्वज उलटा चढलाच, तर गोंधळ न करता तो शांतपणे उतरवून नीट बांधावा आणि पुन्हा चढवावा. चूक लक्षात येऊनही कार्यक्रम तसाच रेटणे, हा खरा अनादर होय.

आणखी एक बाब जिवाशी निगडित आहे. गच्चीवर ध्वजासाठी लोखंडी नळी उभी करताना जवळून जाणाऱ्या वीजवाहिनीकडे दुर्लक्ष होते. ओली नळी, ओली गच्ची आणि डोक्यावरची तार हा मेळ प्राणघातक ठरतो. वीजतारा जवळ असतील तेथे लोखंडी नळी वापरू नये, लाकडी काठीही तारेपासून दूरच ठेवावी आणि हे काम मुलांवर सोपवू नये.

नेहमीच्या चुका

फाटका किंवा मळका ध्वज. फाटलेला, चुरगळलेला अथवा रंग उडालेला ध्वज लावता येत नाही. दिवस-रात्र ध्वज ठेवण्याची मुभा मिळाल्यापासून ही चूक वाढली आहे. 'हर घर तिरंगा'साठी लावलेला ध्वज महिनोन् महिने तसाच राहतो, ऊन-पावसाने विटतो आणि एके दिवशी त्याच्या चिंध्या काठीला लोंबू लागतात. रात्रंदिवस ध्वज फडकत ठेवण्याची परवानगी आहे; त्याच्याकडे पाठ फिरविण्याची नाही.

एकाच काठीवर दोन ध्वज. राष्ट्रध्वजाच्या काठीवर त्याच वेळी दुसरा कोणताही ध्वज लावता येत नाही. राष्ट्रध्वजाहून उंच किंवा त्याच्या शेजारी बरोबरीने अन्य ध्वज वा पताका लावण्यासही मनाई आहे. संस्था, मंडळ, पक्ष किंवा पंथ यांचा ध्वज कितीही पूज्य असला तरी त्याची जागा वेगळी असावी. जिल्ह्यात देवस्थाने आणि यात्रा अनेक; गावच्या चौकातही निरनिराळे झेंडे उभे असतात. चौकात ध्वजवंदन ठेवताना ही काळजी आधीच घेतली तर नंतरचा वाद टळतो. विविध राष्ट्रांचे ध्वज एका रांगेत असतात तेव्हा मात्र आपला ध्वज रांगेच्या उजव्या टोकाला, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे प्रथम येतो.

ध्वजाचे तोरण करणे. ध्वजाचा उपयोग झालर, तोरण, पताका किंवा फुलासारखी गाठ करून सजावटीसाठी करता येत नाही. मंडपाला तीन रंगांची कापडे लावणे वेगळे आणि चक्रांकित राष्ट्रध्वजांची माळ ओवणे वेगळे.

ध्वजाचे आवरण करणे. टेबल, व्याख्यानपीठ किंवा मंच ध्वजाने झाकू नये. पुतळ्याच्या अनावरणाच्या वेळी ध्वजाचा पडदा म्हणून वापर करू नये. समारंभात ध्वजाला स्वतंत्र मानाचे स्थान द्यावे. वस्तू बांधण्यासाठी, देण्या-घेण्यासाठीही ध्वज वापरता येत नाही.

ध्वजावर लिहिणे. ध्वजावर कोणतीही अक्षरे नसावीत. क्रिकेटच्या सामन्यात ध्वजावर गावाचे नाव लिहून तो झळकविला जातो, तो प्रकार उत्साहाचा असला तरी नियमबाह्य आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा किंवा दुकानाची जाहिरात यांसाठी ध्वजाचे चित्र वापरणे तर त्याहून गैर.

वाहनावरील ध्वज. मोटारीवर राष्ट्रध्वज लावण्याचा अधिकार संहितेने मोजक्या पदांना दिला आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान, मुख्यमंत्री, केंद्र व राज्याचे मंत्री, विधिमंडळांचे व संसदेचे पीठासीन अधिकारी, सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे न्यायमूर्ती आणि परदेशांतील भारतीय दूतावासांचे प्रमुख यांचा त्यात समावेश होतो. पालकमंत्र्यांच्या मोटारीवर ध्वज दिसतो तो ते राज्याचे मंत्री असतात म्हणून. जिल्हाधिकारी, खासदार, आमदार, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष किंवा नगराध्यक्ष हे या यादीत नाहीत. मग दुचाकीच्या मागे ध्वज बांधून काढलेल्या फेऱ्यांविषयी वेगळे सांगणे नको.

अंगावरील ध्वज. २००५ च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर कमरेखालील वस्त्रावर ध्वजाचा वापर निषिद्ध आहे. उशी, हातरुमाल, अंतर्वस्त्रे यांवर ध्वज छापणे किंवा भरतकामाने काढणे यासही बंदी आहे.

जमिनीचा व पाण्याचा स्पर्श. ध्वज जमिनीला, फरशीला टेकू नये आणि पाण्यात ओढला जाऊ नये. पावसाळ्यात ध्वज उतरविताना ही काळजी विशेष घ्यावी. एकाने दोरी सोडावी आणि दुसऱ्याने ध्वज हातांवर झेलावा.

मात्र प्रत्येक चूक म्हणजे गुन्हा नव्हे, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. नाताळच्या एका कार्यक्रमात तिरंग्याचे चित्र असलेला केक कापल्याबद्दलच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये कारवाई रद्द केली आणि अवमानाचा हेतू व प्रत्यक्ष कृती यांचा विचार करण्याची गरज सांगितली. शेजाऱ्याच्या गच्चीवरील ध्वज चुकला असेल तर भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ते सर्वत्र पसरविण्याऐवजी त्याच्या दारात जाऊन सांगणे, हे ध्वजाच्या अधिक सन्मानाचे आहे.

शाळेतील ध्वजवंदन

ध्वजसंहितेने शाळांसाठी स्वतंत्र पद्धत सांगितली आहे. विद्यार्थ्यांनी चौकोनाच्या तीन बाजू धरून उभे राहावे आणि चौथ्या बाजूच्या मध्यभागी ध्वजस्तंभ असावा. मुख्याध्यापक, विद्यार्थी प्रमुख आणि ध्वज फडकविणारी व्यक्ती यांनी स्तंभाच्या मागे तीन पावलांवर उभे राहावे. ध्वज फडकल्यावर वंदन, राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा असा क्रम असतो. राष्ट्रगीत चालू असताना सर्वांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान स्थितीत उभे राहावयाचे असते. गणवेशधारी सलामी देतात. छायाचित्रासाठी याच वेळी पुढे-मागे करणारी मोठी माणसे मुलांसमोर चुकीचा धडा ठेवतात. कोणत्याही पाहुण्याला वंदन म्हणून ध्वज झुकविला जात नाही, हेही मुलांना येथेच सांगता येते.

ध्वज अर्ध्यावर केव्हा?

राष्ट्रीय दुखवट्यात ध्वज अर्ध्यावर उतरविण्याचा निर्णय शासनाच्या आदेशाने होतो. स्थानिक पुढाऱ्याच्या निधनानंतर एखाद्या संस्थेने स्वतःच्या मनाने ध्वज अर्ध्यावर आणणे संहितेस धरून नाही. अर्ध्यावर ठेवतानाही ध्वज आधी टोकापर्यंत चढवावा आणि मग अर्ध्यावर आणावा. संध्याकाळी उतरविण्यापूर्वी तो पुन्हा टोकापर्यंत नेऊन मग उतरवावा. निधनाची वार्ता २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर किंवा राज्याच्या स्थापनादिनी, म्हणजे महाराष्ट्रात १ मे रोजी आली, तर पार्थिव असलेली इमारत वगळता अन्यत्र ध्वज अर्ध्यावर येत नाही.

हुतात्मा जवानाला किंवा शासकीय इतमामात निरोप देताना पार्थिवावर ध्वज पांघरला जातो. त्या वेळी केशरी पट्टा शिराकडे असतो. ध्वज चितेवर जाळला जात नाही की दफनभूमीत उतरविला जात नाही. तो आधी सन्मानाने काढून घेतला जातो. शासकीय, लष्करी व केंद्रीय निमलष्करी दलांच्या अंत्यविधीव्यतिरिक्त अन्य कोणत्याही अंत्ययात्रेत ध्वज असा पांघरता येत नाही.

उतरविल्यानंतर

ध्वज उतरविला की तो ओला असल्यास सावलीत, स्वच्छ जागी वाळवावा. ओला ध्वज घडी करून ठेवला तर त्याला बुरशी लागते आणि पुढच्या राष्ट्रीय दिवशी डागाळलेला ध्वज हाती येतो. वाळलेल्या ध्वजाची घडी घालण्याची रीत अशी आहे : ध्वज आडवा धरावा. केशरी व हिरवा पट्टा मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या मागे दुमडावा. मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी मध्याकडे अशा रीतीने दुमडावा, की अशोकचक्र आणि केशरी व हिरव्या पट्ट्यांचा थोडा भाग तेवढा वर दिसेल. ही घडी दोन्ही तळहातांवर किंवा हातांवर घेऊन जागेवर ठेवावी. कपाटातील स्वच्छ, कोरडा कप्पा त्यासाठी योग्य. माळ्यावरील अडगळ नव्हे.

ध्वज फाटला, विटला आणि वापरण्याजोगा राहिला नाही, तर तो संपूर्णपणे, एकांतात नष्ट करावा. त्यासाठी जाळण्याची पद्धत संहितेने श्रेयस्कर मानली आहे. ध्वजाच्या प्रतिष्ठेला साजेशी अन्य पद्धतही चालते. सार्वजनिक ठिकाणी ध्वज जाळणे हा गुन्हा आणि एकांतात सन्मानाने जाळणे हे कर्तव्य, हा भेद नीट समजून घ्यावा. जुन्या ध्वजाचे तुकडे करून ते पुसणे म्हणून वापरणे किंवा घंटागाडीत टाकणे सर्वथा अनुचित. कागदी झेंड्यांनाही हाच नियम लागू आहे. ते कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकू नयेत, गोळा करून एकांतात नष्ट करावेत. शाळेने किंवा मंडळाने कार्यक्रमाच्या दाराशीच एक पेटी ठेवली, तर मुले घरी जाताना झेंडे तिच्यात ठेवतील. खर्च काहीच नाही; पण दुसऱ्या दिवशी रस्त्यावर एकही झेंडा दिसणार नाही.

सकाळी ध्वज चढतो तेव्हा सारा गाव पाहत असतो. संध्याकाळी तो उतरतो तेव्हा बहुधा शाळेचा शिपाई, ग्रामपंचायतीचा एखादा कर्मचारी किंवा घरातील एखादे मूल तेवढे तेथे असते. त्या दोन हातांनी ध्वज संथपणे उतरवून, जमिनीला लागू न देता, नीट घडी करून ठेवला, म्हणजे सकाळी दिलेली मानवंदना पूर्ण होते. नागपूरच्या रस्त्यावर झेंडा हाती धरण्यासाठी दीड हजार माणसे तुरुंगात गेली. आज तो प्रत्येकाच्या हाती आहे. तो कसा धरावा, एवढेच शिकायचे उरले आहे.